सर्व्हेवाले येऊन गेले, सासूबाईंनी सांगितलं "सून घरीच असते" – आता काय करू?

सईची_आई (नाशिक)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण वाचा प्लीज.

मागच्या मंगळवारी आमच्याकडे केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याकडून एक जण आला होता. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. वॉचमनने आधी गेटवरच अडवलं, मग त्याने सेक्रेटरींना पत्र दाखवलं तेव्हा आत सोडलं. आमच्या भागातली १२ घरं निघालीत म्हणे आणि त्यात आमचं एक. सलग चार महिने दर महिन्याला एकदा येणार असं सांगून गेलाय. पत्रावर पीएलएफएस असं लिहिलंय, म्हणजे रोजगाराची पाहणी.

मी तेव्हा घरी नव्हते, डबे पोचवायला गेले होते. मी रोज सकाळी १४ डबे करते, शिवाय होळीला पुरणपोळ्या, गणपतीत मोदक, दिवाळीला फराळ, असं करत आता ६ वर्षं झाली. मिस्टर कंपनीत आहेत. घरी फक्त सासूबाई होत्या, त्यांनीच सगळी उत्तरं दिली. मुलगा नोकरी करतो, नात शाळेत जाते आणि "सून घरीच असते, काही करत नाही". मी आल्यावर त्यांनी मला अगदी सहज सांगितलं की बाई असं असं झालं, नि मी पोळपाट धुता धुता थांबलेच. त्या वाईट मनाने बोलल्या नाहीत हे मला माहितीये, त्यांच्या डोक्यात काम म्हणजे सकाळी डबा घेऊन बाहेर जाणं. पण मी पहाटे साडेचारला उठते ते काय घरी असायला का?

आता प्रश्न असा की हे लोक खरे असतात का आणि माहिती कुठे जाते? मिस्टर म्हणतात जे झालं ते बरं झालं, धंद्याचं सांगितलंस तर उद्या इन्कम टॅक्स, जीएसटी, अन्न परवाना सगळे मागे लागतील. आणि समजा पुढच्या वेळी तो आला तर मी आधीचं उत्तर बदलून द्यायला सांगू शकते का? माझ्या एकटीच्या उत्तराने काही फरक पडतो का हेही खरंच कळत नाहीये.

---

सावध_नागरिक

ताई माझा सल्ला, दार उघडूच नका. आमच्या ओळखीत एका आजोबांना असंच सर्व्हे आहे सांगून फोनवर आधार नंबर आणि ओटीपी विचारला आणि खात्यातले पैसे गेले. सरकारला आपली सगळी माहिती आधीच आहे, मग घरी येऊन परत कशाला विचारायला पाहिजे? सासूबाई बोलल्या ते बोलल्या, आता उकरून काढू नका.

---

फिल्डवरचा_माणूस

मी या कामावर कंत्राटी पद्धतीने काही वर्षं होतो, पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा दोन्हीकडे फिरलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सावध_नागरिक यांच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही, फसवणारे लोक सर्व्हेचं नाव घेतात. पण खऱ्या सर्व्हेवाल्याला तुमचा ओटीपी, बँकेचा पिन, कार्डाचा नंबर यातलं काहीच लागत नाही. कोणी मागितलं तर तो आमच्यातला नाही, सरळ हाकला. ओळखपत्र बघा, पत्रावर कार्यालयाचा नंबर असतो, तिथे फोन करून खात्री करा, आम्हाला त्यात अपमान वाटत नाही. उलट खात्री करून घेणारं घर पुढे नीट उत्तरं देतं हा माझा अनुभव आहे.

घर कसं निवडतात हे लोकांना कळत नाही म्हणून शंका येते, की मलाच का, शेजाऱ्याला का नाही. तर आधी एक गाव किंवा शहरातला एक ठराविक भाग नमुन्यात निघतो. मग तिथे घरोघर जाऊन यादी करायची, त्याला आम्ही लिस्टिंग म्हणतो, आणि त्या यादीतून नियमाने घरं निवडली जातात. पीएलएफएसमध्ये आधी एका भागातून ८ घरं घ्यायचे, जानेवारी २०२५ पासून १२ घेतात आणि चार महिने लागोपाठ जातात. देशभरात मिळून अडीच लाखांच्या वर घरं होतात. आणि घर म्हणजे काय, तर एका चुलीवर जेवणारी माणसं. एकाच वाड्यात दोन भावांच्या दोन चुली असतील तर ती दोन कुटुंबं. लिस्टिंगला गेल्यावर चुली किती हे विचारलं की कधी कधी वातावरणच बदलतं, थोरली सून म्हणते एकच, धाकटी गप्प बसते, नि आपल्याला कळतं की वेगळं झालेत पण अजून बाहेर सांगितलेलं नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा. ताई, तुमच्या सासूबाईंचं उत्तर मी शेकडो घरांत ऐकलंय. "काय काम करता?" असं विचारलं की बाई म्हणते "काही नाही, घरीच". तिथे थांबलात तर टॅबमध्ये ९२ नंबर पडतो, म्हणजे फक्त घरकाम. चांगला माणूस थांबत नाही. तो विचारतो, गेल्या सात दिवसांत शेतात गेलात का, जनावरांचं कोणी केलं, दुकानात बसलात का, शिवणाचं काही घेतलं का, कोणाला काही करून विकलं का. त्या आठवड्यात एखाद्या दिवशी एक तास जरी असं काम केलं असेल तरी त्या आठवड्यापुरती ती व्यक्ती रोजगारात धरतात, हा नियमच आहे. तुम्ही स्वतः धंदा चालवता, म्हणजे स्वयंरोजगार, कोड ११. सातारा जिल्ह्यात एका घरी कारभारी म्हणाले बायको काही करत नाही, आणि तेवढ्यात ती मागच्या दाराने दुधाची किटली घेऊन आली, दोन म्हशींची धार काढून डेअरीला घालायला निघालेली. ती २१ मध्ये गेली, म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस. म्हशीचा धंदा नवऱ्याच्या नावावर, धार तिची.

एक बारीक गोष्ट पण सांगतो, कारण यात पुष्कळ गोंधळ होतो. घरच्या दुधासाठी म्हैस पाळली, विकलं काहीच नाही, तरी ते काम धरतात. घरच्यासाठी भाजी लावली तरी धरतात. पण घरच्यासाठी पापड लाटले, दळण केलं, कपडे शिवले तर ते काम धरत नाहीत, त्याला ९३ असा वेगळा कोड आहे. तेच पापड विकायला केले तर मात्र काम. मला हा नियम कधीच पटला नाही, पण नियम नियम आहे आणि सगळीकडे सारखा लावला तरच आकडे जुळतात.

टॅक्सचं म्हणाल तर २००८ चा सांख्यिकी संकलनाचा कायदा आहे, त्यानुसार ही माहिती आकडेवारीशिवाय दुसऱ्या कशाला वापरता येत नाही आणि नावानिशी उघड करता येत नाही. गेल्या ३० दिवसांत धंद्यातून काय सुटलं हे विचारतील, ते अंदाजे पण खरं सांगा. अभ्यासकांसाठी जी फाइल खुली होते तिच्यात नाव-पत्ता नसतो. परवान्याचं जे काय करायचं ते तुम्ही तुमच्या सोयीने वेगळं करा, त्याचा याच्याशी संबंध नाही.

आणि हो, उत्तर बदलता येतं. पुढच्या खेपेला परत मागच्या सात दिवसांचंच विचारणार आहे, तेव्हा तुम्ही स्वतः समोर बसा. मागच्या वेळी चुकीचं सांगितलं गेलं हेही स्पष्ट सांगा.

---

बांधावरून (जालना)

ह्या विषयावर मला बी लिहायचंय. आमच्या गावात २०२३ ला खर्चाचा सर्व्हे आला होता, घरात महिन्याला काय काय खर्च होतो तो. एक पोरगा तीन महिने तीनदा आला. एकदा खाण्यापिण्याचं, एकदा साबण तेल दवाखाना फोन रिचार्ज, एकदा कपडेलत्ते भांडी गाडी असं. पहिल्यांदा आम्हाला वाटलं रेशन कार्ड कापायला आलेत. निम्म्या गावाला तसंच वाटलं, त्यामुळं जो तो गरिबी सांगायला लागला. मग त्या पोरानं पारावर बसून सगळ्यांना समजावलं, तव्हा लोक बोलले.

मला त्यातली एक गोष्ट लई आवडली. मी म्हणलं ज्वारी आम्ही विकत घेत नाही, घरचीच आहे, तर खर्च शून्य. तो म्हणाला नाही काका, तुम्ही खाल्ली ना, मग तिची किंमत धरायची, शेतावर जो भाव मिळाला असता त्या भावानं. तसंच तूर, तसंच घरचं दूध. मी ५० वर्षं शेती करतोय, घरात खाल्लेल्या ज्वारीला कुणी किंमत लावलेली मी पहिल्यांदा बघितली. आमच्या मंडळीनं तव्हा हिशोब केला की महिन्याला किती पायल्या जातात, नि तो हिशोब तिलाच ठावूक होता, मला नाही.

पण एक खटकलं ते सांगतो. दसरा-दिवाळीनंतर आमच्या बाजूची निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते, ती येते थेट मार्च-एप्रिलला. तव्हा सर्व्हेवाला आला तर दाराला कुलूप. म्हातारी माणसं नि शाळेतली पोरं तेवढी असतात, काही ठिकाणी तीबी नसतात. घर बंद असलं की दुसरं घर घेतात म्हणे. मग ज्यांचं जगणं सगळ्यात अवघड त्यांचंच मोजायचं राहतंय का? नि दुसरं असं की ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो, म्हंजे आगाऊ पैसे, ती नवऱ्याच्या हातात, टनावर हिशोब होतो तो बी जोडीचा. बाई पहाटे तीनला उसाच्या फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते. तिला विचारलं तुझी मजुरी किती, तर ती काय सांगंल? तिची वेगळी मजुरी कधी निघतच नाही. ताई तुमच्या सासूबाई म्हणल्या काही करत नाही, ते ऐकून मला हेच आठवलं.

---

फिल्डवरचा_माणूस

काका, कुलपाची अडचण अगदी खरी आहे. आम्ही परत परत जातो, शेजारी विचारतो, तरी हंगामात वस्तीच्या वस्ती बंद असते. कोयत्याच्या बाबतीत मी मजुरी दोघांत विभागून घ्यायचो, त्यांनाच विचारून. बहुतेक जोड्या निम्मी-निम्मी सांगायच्या. एक बाई मात्र म्हणाली, "लिहा त्यांचीच, मला काय करायचंय." मी तरी निम्मी लिहिली. तिने काम केलं होतं, ती मजुरी तिचीच होती.

---

वर्गावरची_बाई

मी कॉलेजमध्ये अर्थशास्त्र शिकवते आणि सईची आई, तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर द्यायचं म्हणून लिहायला बसले. एकीच्या उत्तराने फरक पडतो का? पडतो, कारण नमुन्यातलं तुमचं घर एकटं नसतं, ते तुमच्यासारख्या हजारो घरांच्या वतीने बोलत असतं. तुम्ही "घरीच" झालात की त्या हजारो डबेवाल्या, पीको-फॉलवाल्या, शिकवणीवाल्या बायकापण घरीच होतात.

आकडे बघा. १५ वर्षांवरच्या बायकांपैकी कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण पीएलएफएसच्या पहिल्या वर्षी, म्हणजे २०१७-१८ ला, २३.३ टक्के होतं, ते २०२३-२४ ला ४१.७ टक्के झालं. खेड्यात २४.६ वरून ४७.६ आणि शहरात २०.४ वरून २८. आता खेड्यातला एवढा मोठा फरक कशाने, यावर माझ्या क्षेत्रातले लोक अजून भांडतायत. वाढलेल्यात घरच्या शेतीत, घरच्या धंद्यात असणाऱ्या बायकाच जास्त आहेत, पगारी नोकऱ्या त्या मानाने कमी. काहींचं म्हणणं नाइलाजाने काम करावं लागतंय, काहींचं म्हणणं विचारणाऱ्यांनी आता खोदून विचारायला सुरुवात केली. मला वाटतं दोन्ही आहे, आणि वरचे दादा जे सांगतायत की "काही नाही" वर थांबायचं नाही, त्याचं वजन आपण फार कमी धरतो. शहरातला आकडा अजून एवढा कमी का, याचं एक उत्तर तुमच्या घरात मंगळवारी घडलेल्या प्रसंगात आहे.

दुसरं असं की कामाची व्याख्याच तुमच्या ओट्यावर येऊन अडते. विचार करा, एकाच कुकरमध्ये वरण लागतं. त्यातलं अर्धं १४ डब्यांत जातं, अर्धं घरच्या ताटात. डब्यात गेलं ते रोजगार, ताटात वाढलं ते घरकाम, आणि घरकाम पीएलएफएसमध्ये रोजगार म्हणून मोजतच नाहीत. ते पकडायला वेगळी पाहणी आहे, वेळेच्या वापराची. २०१९ ला पहिल्यांदा देशभर झाली, मग २०२४ ला परत. त्यात आदल्या दिवशी पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाने काय केलं ते विचारतात. २०२४ ला घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं गेले आणि पुरुषांचे ८८. ही सरासरी फक्त जे घरकाम करतात त्यांची आहे, आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच थोडे. मी हा तक्ता वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा मुली लगेच वह्यांत उतरवून घेतात, आणि मग एखादा मुलगा विचारतो की मॅडम आईला विचारून बघू का. मी म्हणते विचारच, पण तिच्या शेजारी बसून, अर्ध्या अर्ध्या तासाने.

सावध_नागरिक, सरकारकडे सगळी माहिती आधीच असते असं तुम्ही म्हणालात, ते मला पटत नाही. सरकारकडे कागदावरची माहिती असते. ज्या माणसाचं पॅन नाही, पगारपत्रक नाही, जमिनीवर नाव नाही, त्याचं जगणं दारात जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. आणि ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी शंभरएक वर्षांपूर्वी पिंपळे सौदागर या गावात घरोघर फिरून जमीन, कर्ज, उत्पन्न सगळं लिहून काढलं आणि १९१७ ला छापलं. १७७१ ला तिथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर होती ती १९१५ पर्यंत ७ एकरावर आली, हे त्यातून कळलं. आज त्याच पिंपळे सौदागरमध्ये टॉवर आहेत आणि तिथले वॉचमन सर्व्हेवाल्यांना गेटवर अडवतात. नंतर १९३६-३७ ला अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोखले इन्स्टिट्यूटतर्फे पुणे शहराची अशीच पाहणी केली, कोण काय धंदा करतं, काय मिळवतं. स्वतंत्र भारतात १९५० ला संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्याच खर्चाच्या आकड्यांवरून १९७१ ला वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की १९६०-६१ ला खेड्यातल्या जवळजवळ ४० टक्के लोकांचा खर्च रोज २२५० कॅलरी मिळण्याइतकाही नव्हता. लोकांनी दारात बसून तेल किती, ज्वारी किती, मीठ किती हे सांगितलं होतं म्हणून हे म्हणता आलं.

आणि उत्पन्नाऐवजी खर्चच का विचारतात असं विद्यार्थी नेहमी विचारतात. ५०-६० च्या दशकांत उत्पन्न विचारून बघितलं होतं, पण लोकांनी सांगितलेलं उत्पन्न हे त्यांनीच सांगितलेल्या खर्च आणि बचतीपेक्षा कमी भरायला लागलं. म्हणून खर्चावर भर राहिला. २०२३-२४ च्या पाहणीत दर माणशी महिन्याचा खर्च खेड्यात सरासरी ४,१२२ रुपये आणि शहरात ६,९९६ रुपये आला. जालन्याच्या काकांच्या घरची ज्वारीसुद्धा या ४,१२२ मध्ये आहे.

---

पेन्शनर_७१

महागाई भत्ता पण याच खर्चाच्या सर्व्हेवर ठरतो ना? म्हणजे चुकीची उत्तरं दिली की आपलंच नुकसान.

---

वर्गावरची_बाई

काका थोडा फरक आहे. आपला भत्ता औद्योगिक कामगारांच्या महागाई निर्देशांकावर ठरतो, तो केंद्राचं लेबर ब्युरो काढतं, त्यासाठी कामगारांच्या घरखर्चाची वेगळी पाहणी होते. बातम्यांत महागाईचा जो दर सांगतात तो वेगळ्या निर्देशांकाचा, त्यात कोणत्या वस्तूला किती वजन हे मात्र या खर्चाच्या पाहणीवरून ठरतं. कित्येक वर्षं ती वजनं २०११-१२ च्या पाहणीचीच होती. २०१७-१८ ची पाहणी झाली पण सरकारने तिचे निकाल आकड्यांच्या दर्जाचं कारण देऊन मान्य केले नाहीत, त्यामुळे मधे मोठी पोकळी पडली. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, इतक्या घरांनी वेळ देऊन उत्तरं दिली होती.

---

किराणा_कोल्हापूर

दुकानदारांचं कोण बोलंना म्हणून मी लिहितो. आमच्याकडं छोट्या धंद्यांचा सर्व्हे आलता, नोंदणीकृत कंपनी नसलेली दुकानं, गिरणी, टेलर, सलून, वडापावची गाडी असल्यांचा. माझंबी पहिलं मन तेच, उलाढाल सांगायची न्हाई. दोन दिवस मी त्याला फिरवला, आज गर्दी हाय, उद्या या. तिसऱ्या दिवशी दुपारी बायको गल्ल्यावर होती नि तिनं त्याला बसवून चहा दिला नि सगळं घडाघडा सांगितलं, माल किती येतो, उधारी किती, लाइटबिल, गाळ्याचं भाडं. त्यानं विचारलं दुकानात कामाला किती जण, मी म्हणलं मी एकटा. बायको समोर उभी! दुपारी १ ते ५ रोज तीच बसते १२ वर्षं झाली, नि मी एकटा म्हणालो. त्यो पोरगा काय बोलला न्हाई, फक्त टॅबवरून मान वर करून तिच्याकडं बघितला. मी लगेच म्हणलं दोघं लिहा, दोघं. त्या दिवसापासनं मला ते डोक्यातनं जाईना.

त्या सर्व्हेचा २०२३-२४ चा आकडा मी नंतर पेपरात वाचला, देशात असली ७ कोटी ३४ लाख दुकानं-धंदे हाईत नि त्यात १२ कोटी माणसं. म्हणजे एका धंद्यात सरासरी दोनसुद्धा न्हाईत. माझ्यासारखे "मी एकटा" म्हणणारे त्यात किती असतील काय म्हाईत. ताई, तुम्ही सांगा बिनधास्त. मला अजून तरी कुठल्या खात्याचा फोन आलेला न्हाई.

---

सईची_आई (नाशिक)

मंडळी, महिन्याने परत लिहितेय. तुमच्या सगळ्यांची उत्तरं मी मिस्टरांना वाचून दाखवली, ते म्हणाले ठीक आहे, सांग. टॅक्सची भीती त्यांची पूर्ण गेली नाहीये, पण कायद्याचं वाचल्यावर जरा निवळले.

काल तो परत आला. मी मुद्दाम डबे लवकर आटपून घरी थांबले होते. आधी कार्यालयात फोन करून त्याचं नाव पण विचारून घेतलं, खरा निघाला. मी त्याला सांगितलं की मागच्या वेळी माझं चुकीचं लिहिलं गेलंय. तो म्हणाला बरं झालं तुम्ही भेटलात, मलापण दारातली एवढी रिकामी डब्यांची चळत बघून शंका आली होती, पण आजी ठाम होत्या.

मग एकेक दिवस धरून तास विचारले. मी कधी मोजले नव्हते. पहाटे साडेचार ते साडेनऊ स्वयंपाक आणि डबे भरणं, मग पोचवणं, संध्याकाळी भाजी आणणं आणि दुसऱ्या दिवशीची तयारी. घरच्यांचा स्वयंपाक त्यातच होतो, तो कसा वजा करायचा ते मला कळेना, एकाच कुकरमधलं वरण म्हणजे काय ते तेव्हा कळलं. आम्ही दोघांनी बसून अंदाज काढला, तरी आठवड्याचे ४० तास भरले. मिस्टरांचे ४८ आहेत. तो आकडा त्याने टाइप केला तेव्हा मी नुसती बघत राहिले, किती वर्षं मीच लोकांना सांगत आलेय की थोडंफार डब्यांचं करते.

आणि मग जे झालं ते सांगायलाच हवं. त्याने सासूबाईंना विचारलं, आजी तुमचं काय? त्या म्हणाल्या मी काय बाबा, बसून असते. त्यांच्या पुढ्यात परात होती आणि त्या मेथी निवडत होत्या, तीन जुड्या. मी म्हटलं आई, ही मेथी कुणाची? म्हणाल्या डब्यांची. लसूण कोण सोलतं? पापड कोण भाजतं? गणपतीत ३०० मोदकांच्या पाऱ्या कुणी केल्या? त्यांनी हात थांबवला. तो म्हणाला आजी, डब्यासाठी करता ना, मग ते काम झालं, रोज किती वेळ जातो? त्या आधी काहीच नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या दीडेक तास, मग जरा वेळाने स्वतःच म्हणाल्या, नाही रे, दोन होतात, लसणालाच अर्धा तास जातो.

त्याने लिहून घेतलं. तो गेल्यावर त्यांनी मेथी तशीच पुढे निवडली, मला एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. मीही विषय काढला नाही. रात्री झोपायच्या आधी माझ्या खोलीच्या दारात आल्या आणि विचारलं, "काय गं, मला किती तास धरले त्याने?"

मी म्हटलं आठवड्याचे चौदा. बरं म्हणाल्या आणि दिवा घालवून गेल्या.